लोनवर दिलेला गोलकीपर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली ती दुपार आठवते. कॉम्प्युटरवरच्या फुटबॉल गेममध्ये मी क्लबचा मॅनेजर होतो आणि माझा कोवळा गोलकीपर मी वर्षभरासाठी दुसऱ्या क्लबला लोनवर देत होतो. मागे उभ्या बाबांनी विचारलं, "आपला मुलगा दुसऱ्याकडे कशाला?" मी ऐटीत म्हणालो, "इथे नुसता बसून राहतो. तिकडे तयार होईल, मग परत आणायचा." "अच्छा," म्हणत बाबा माझ्याकडेच बघत राहिले. स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. संध्याकाळी बाबांनी पुण्याला काकांना फोन लावला, "याला तुझ्याकडे पाठवतो, वर्षभरच रे. तिकडे तयार होईल." ते वर्ष काही संपलं नाही, दिल्लीच्या घरी गेलो की मी अजून पाहुण्यासारखं पाणी मागून पितो.