सील तोडायची परवानगी

टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा शेलूबाजार सात-आठ किलोमीटर राहिलं होतं आणि माझ्या पाठीमागे चार हजार ऐंशी पिल्लं होती. कोंबडीची. एक दिवसाची. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. वाफेचा लोट तोंडावर आला. फॅन बेल्ट तुटून खाली लोंबत होता.

मी हॅचरीची गाडी चालवतो. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. आमची नगरकडे आहे. पिल्लं निघाली की मोजून डब्यात भरतात आणि पहाटेच रवाना करतात. शंभराच्या डब्यात एकशेदोन भरतात. वरची दोन वाटेत मरतील म्हणून. कंपनीनं मरणसुद्धा आधीच धरलेलं असतं. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा साठा असतो, त्यामुळे दोन दिवस दाणापाणी नसलं तरी ते जगतं. हवा मात्र मिनिटामिनिटाला लागते. गाडी चालू असली की हवा खेळती राहते. उभी राहिली की छतातले पंखे बॅटरीवर चालतात. इंजिनच बंद पडलं तर ती बॅटरी किती वेळ पुरणार? जुनी असली तर अर्धा तास. माझी जुनी होती.

एप्रिल महिना, दुपारचा एक. माल जायचा होता कारंज्याच्या पुढे, एका ताईंच्या शेडवर. त्यांची ही पहिलीच बॅच. शेड धुऊन, भुसा पसरून, पाण्याची भांडी भरून त्या सकाळपासून बसल्या होत्या. मालेगाव सोडताना त्यांचा फोन आला होता, "दादा, कुठवर आलात?" मालेगाव म्हणजे आपलं वाशिमचं, नाशिकचं नव्हे. मी ऐटीत सांगितलं, "दीड तासात पोचतो."

स्पेअर बेल्ट माझ्याकडे होता. मी काही कालचा ड्रायव्हर नाही. पण बेल्ट चढवायला गेलो तर वॉटर पंपाची पुली हलेना. वॉटर पंप इंजिनात पाणी फिरवतो, त्यानं इंजिन थंड राहतं. त्याची बेअरिंग जाम झाली होती. अशा पुलीवर नवा बेल्ट चढवला असता तर तोही जळाला असता. म्हणजे पंप बदलल्याशिवाय गाडी हलणार नव्हती.

ऑफिसला फोन लावला. आमच्या गाड्यांचं बघणारे एक साहेब आहेत.

"साहेब, पंप गेलाय. दुसरी गाडी पाठवा."

"लोकेशन टाका. जवळची गाडी परभणीला आहे. चार तास धरा."

"चार तासांत सगळं मरेल. मागचं दार उघडून डबे सावलीत काढू का?"

"सील?"

"तोडावं लागेल."

"थांबा. सील तोडायला वरची परवानगी लागते. मोठे साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी मेल टाकतो. तोवर हात लावू नका."

मागच्या दाराला नंबर असलेलं प्लॅस्टिकचं सील असतं. ते शेडवरच तोडायचं, मालकासमोर. कारणं दोन. वाटेत कोणी डबे विकू नयेत हे एक. दुसरं म्हणजे रोग. ज्याच्या घरी कोंबड्या आहेत असा माणूस पिल्लांजवळ आला तर त्याच्या कपड्यांवरून आजार येतो. नियम चुकीचा नाही. दोनच महिन्यांपूर्वी तुटलेल्या सीलवरून आमच्या एका ड्रायव्हरला घरी बसवलं होतं. तो मला डोळ्यांपुढे दिसत होता. म्हणून मी थांबलो. माझी चूक झाली ती इथे.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एखादा ट्रक यायचा, हॉर्न मारायचा, निघून जायचा. बंद पडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरसोबत क्लीनर असेलच, असं सगळे धरून चालतात. आमच्या कंपनीनं क्लीनर कधीच बंद केलेत. नऊ वर्षं मी एकटा जातो, एकटा येतो. बायकोला जाऊन चार वर्षं झाली. मुलगी सासरी, तिचं तिला पुरे. वाटेत बोलायचं कोणाशी, तर पिल्लांशी. "पोरांनो, पुढे घाट आहे, धरून बसा." हसा खुशाल. त्या दिवशी फोन हातात घेऊन मी नंबर वरून खाली सरकवत बसलो. सगळे शेडवाले. 'मी इथं अडकलोय रे' एवढं नुसतं ऐकवावं असा एक माणूस सापडेना. मला रडू आलं. चौपन्नाव्या वर्षी, भर रस्त्यात, हातात तुटका बेल्ट घेऊन.

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागे रिकामे क्रेट बांधलेले. साठीकडे झुकलेला माणूस, डोक्याला उपरणं.

"काय झालं भाऊ? कायले उभे राह्यले उन्हात?"

मी काय विचारावं? "तुमच्या घरी कोंबड्या आहेत का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काहून? पायजे का?"

"नाही हो. असतील तर जवळ येऊ नका. गाडीत पिल्लं आहेत."

त्यानं गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. "आमी माळकरी आहो. आमच्या घरात अंडंबी येत नाई. आता येऊ का जवळ?"

त्यांचं नाव उत्तमराव. रस्त्याला लागून त्यांचं भाजीपाल्याचं शेत होतं. शेलूबाजारला वांगी टाकून परत चालले होते. मी त्यांना पंपाचं सांगितलं, सीलचं सांगितलं. ते दाराला कान लावून उभे राहिले.

"लय कल्ला करून राह्यले पोट्टे."

"कल्ला करतात तोवर ठीक आहे," मी म्हणालो. हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. थंडी वाजली की पिल्लं किंचाळतात. बरं वाटत असलं की हळू चिवचिवतात. उकडायला लागलं की चोची उघड्या टाकतात आणि गप्प होतात.

मी पुन्हा फोन केला. साहेब म्हणाले, "मीटिंग चालूच आहे." पुन्हा दहा मिनिटांनी केला. "तुम्ही सारखे फोन करू नका, मी कळवतो ना." छतातले पंखे घरघरत हळू झाले आणि थांबले. चाळीस मिनिटं गेली होती.

मग आतला आवाज कमी होत गेला. आधी एका कोपऱ्यातला, मग सगळाच. उत्तमरावांनी दाराला कान लावला आणि माझ्याकडे वळले.

"भाऊ, चूप झाले नं. आता कायची वाट पाहून राह्यले?"

मी टूलबॉक्समधून पक्कड काढली आणि सील तोडलं. मी तोडलं, माझ्या हातानं. हे लक्षात असू द्या.

दार उघडल्यावर आलेली वाफ मी विसरणार नाही. वरच्या डब्यांतली पिल्लं माना टाकून पडली होती. उत्तमराव "इठ्ठला!" एवढंच बोलले आणि मोटरसायकलला किक मारून गेले. मला वाटलं, गेला हाही. त्यांचाही काय दोष, म्हणून मी एकटाच डबे ओढायला लागलो. तर पाच मिनिटांत ते ट्रॅक्टर घेऊन आले, साखळीसकट. गाडी ओढत थेट त्यांच्या विहिरीजवळच्या लिंबाखाली नेली. जाता जाता त्यांनी शेलूबाजारच्या मेकॅनिकला फोनही केला होता. "पंप घेऊनच ये, नुसता पाह्याले येऊ नको," असा दम भरून.

लिंबाखाली त्यांची बायको, शोभाताई, उभ्या होत्या. आम्ही तिघांनी साबणानं हात धुतले आणि डबे खाली उतरवून सुटे सुटे मांडले. पण हवाच नव्हती. झाडाचं पान हलत नव्हतं. शोभाताईंनी एका डब्यात डोकावून पाहिलं, "बिचारे तापले वं माय," म्हणाल्या आणि कळशी उचलून पाणी शिंपडायला निघाल्या.

"ओ वहिनी, थांबा!" मी असा ओरडलो की त्या दचकल्या. कळशी हातातून निसटली. "पिल्लू भिजलं की संपलं. कापूस ओला झाल्यासारखं होतं त्याचं. नंतर गारठून मरतं."

"मंग सांगाचं ना नीट! खेकसता काहून?" त्या रागानं बाजूला झाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मी माफी मागितली. त्या उतरवलेल्या डब्यांकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "सांबाराले करतो तसं करा ना यायले."

सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. मला काही कळेना. उत्तमरावांना मात्र कळलं. बाजाराच्या आदल्या दिवशी तोडलेली कोथिंबीर हे लोक पाण्यात घालत नाहीत, सडते. दोरीवर ओली पोती टांगतात आणि त्यांच्या मागे जुड्या ठेवतात. पोत्यातून वारा येतो तो गार होऊन. जुडीला थेंब लागत नाही.

"वारा कुठाय पण?" मी विचारलं.

"वारा आपल्या घरचा हाय," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी ट्रॅक्टरला उफणणीचा पंखा जोडला. हरभऱ्यातलं भूस उडवायचा तो मोठा पंखा. दोन झाडांमध्ये दोरी बांधली, ओली पोती टांगली, आणि पंखा लांबून, हळू चालवला. मी पोत्यांच्या अलीकडे हात धरला. गार वारा. एवढ्या वर्षांत कंपनीच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं.

मग तीन तास आम्ही तेच केलं. शोभाताई पोती ओली ठेवत होत्या. मी डबे फिरवत होतो, म्हणजे वाऱ्यासमोरचे मागे आणि मागचे पुढे. मेलेली पिल्लं काढून एका पोत्यात टाकत होतो. उत्तमराव ट्रॅक्टरवर. मध्येच त्यांनी विचारलं, "भाऊ, हे मोठे होऊन जाते कुठं?"

मी खरं सांगितलं. "महिना-दीड महिन्यानं कापायला."

त्यांनी पंखा चालूच ठेवला. "ते तिकडचं तिकडं. आज आपल्या बांधावर आले ना, आज नाई मरू देत."

साडेतीनच्या सुमाराला एका डब्यातून चिवचिव आली, मग शेजारच्या डब्यातून. शोभाताई हसल्या आणि म्हणाल्या, "घ्या, बोलाले लागले तुमचे लेकरं." मी तो डबा अलगद मागे सरकवला आणि पुढचा उचलला.

मेकॅनिक पंप घेऊन आला आणि पाचला गाडी चालू झाली. डबे भरताना शोभाताईंनी पेपरात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. ऑफिसचा फोन पावणेपाचला आला होता. परवानगी मिळाली होती.

कारंज्याच्या ताईंसमोर मोजणी केली. एक्क्याण्णव मेली होती. चार हजार ऐंशीत एक्क्याण्णव. ताई नाराज होत्या, पण त्यांची बॅच उभी राहिली. रिपोर्टवर लिहिलं, 'सील वाटेत तुटले.' कोणी तोडलं ते मी लिहिलं नाही. घाबरलो, दुसरं काय.

आठ दिवसांनी मला बोलावणं आलं. टेबलापलीकडे मोठे साहेब आणि आपले फोनवाले साहेब.

"परवानगीआधी सील कोणी तोडलं?"

मी तोंड उघडायच्या आत फोनवाले साहेब म्हणाले, "तिथल्या शेतकऱ्याचा नंबर आहे, मेकॅनिकच्या बिलावर. विचारूया." त्यांनी स्पीकर लावला.

उत्तमरावांचा आवाज खोलीभर आला. "सील? म्याच तोडलं नं. डायवर नाईच म्हणत होता, हात जोडून राह्यला होता. जीव मरून राह्यले अन् तुमची मीटिंग चालू! मंग म्या घेतली पक्कड अन् तोडलं. काय करता आता? या मले पकडाले."

फोन बंद झाला. मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे शिंदे, तुम्ही तोडलं नाही."

सुटलो होतो मी. नुसतं हो म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ती माळ जाईना. ज्या माणसाला मी चार तास भेटलो, तो गळ्यात माळ घालून माझ्यासाठी खोटं बोलला होता. माझ्यासाठी असं काही करणारं आता कोणी उरलं नाही असं मी धरून चाललो होतो.

"नाही साहेब," मी म्हणालो. "सील मी तोडलं. ते मला वाचवायला बोलले."

निकाल असा लागला. नोकरी राहिली. पिल्लं वाचली म्हणून राहिली. पण सहा महिने लांबची लाईन बंद. जवळच्या शेडवर जायचं आणि दुपारी घरी यायचं. घरी येऊन काय करायचं ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

गेटबाहेर येऊन मी उत्तमरावांना फोन लावला. "माळ घालून खोटं बोललात?"

"त मंग! तुमची रोजी जाऊन राह्यली होती."

"मी त्यांना खरं सांगून टाकलं."

 ते एकदम उसळले. "अरे बाप्पा! मंग मले कायले खोटं पाडलं? खरंच सांगाचं होतं त आंधी मले फोन कराचा ना! आता पाह्य, तुमची लाईन गेली अन् माही माळ बाटली. ही शोभा हसून राह्यली इकडं." मग आवाज खाली आला. "जेवले का पण?"

नव्या ड्रायव्हरांना मी आता एवढंच सांगतो. पिल्लं गप्प झाली की सील तोडा आणि फोन नंतर करा. तोही आधी ऑफिसला नाही, ज्यानं मदत केली त्याला. काय सांगायचं ते दोघांचं आधी ठरलेलं बरं.