फाटकाआधीचा चढ

आमच्या ऑफिसातला एक कारकून मला रोज संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलवरून घरी सोडायचा. माणूस बुटका, गाडी थोरल्या भावाची. "बसले का, भाऊ?" असं दोनदा विचारल्याशिवाय तो निघत नसे. थांबायचं झालं की दगड नाहीतर फुटपाथ शोधायचा, कारण जमिनीला त्याच्या पायाची जेमतेम बोटं लागायची.

रेल्वे फाटकाआधी मात्र चढ होता आणि टेकायला काहीच नव्हतं. फाटक पडलं की मागे केळीचे ट्रक येऊन उभे राहायचे, गाडी डगमगायची, त्याची मान घामाने भिजायची. मी उंच. त्याला कळू न देता मागून दोन्ही पाय टेकवायचो.

एकदा त्याने सीटवाल्याकडून सीटचा फोम चार बोटं कापून घेतला, तोही पुढचाच. म्हणाला, "मागे तुम्हाला टणक लागेल ना!" त्या दिवशी फाटकावर मान न वळवताच अहिराणीत ओरडला, "पाहा भाऊ, बठ्ठं बराबर शे!" म्हणजे, सगळं बरोबर आहे.

माझे पाय तेव्हाही खालीच होते, आणि गाडीचा भार अजून माझ्याच मांड्यांवर येत होता.

मग माझी धुळ्याला बदली झाली. निघताना म्हटलं, "फाटकावर जरा..." त्याने सीटवर थाप मारली. "माझी काळजी सोडा, भाऊ. आता माझे पाय पुरतात."

धुळ्यात ऑफिस सुटायची वेळ झाली की मी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवतो.