चाक उतरवून पाहा

न्यायालयातल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मी तालुक्याच्या एका साप्ताहिकात जुन्या गाड्यांची परीक्षणे लिहू लागलो. हयातभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रे हाताळलेल्या माणसाला ‘अमुक जीप दणकट आहे’ असले मोघम विधान सोसत नाही. कोणती जीप? कंपनी नाव तेच ठेवते आणि काही वर्षांनी आतले सगळे बदलते. पहिल्या पिढीच्या गुणांवर तिसरी पिढी घेणे म्हणजे बापाच्या चारित्र्यावर मुलाला जामीन देणे.

म्हणून मी पिढीवार लिहीत असे. टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपची पहिली पिढी पाठ मोडणारी, पण रस्त्यात बंद पडली तरी पाना-पक्कडीने चालू होणारी. तिसरी पिढी बसायला ऐसपैस, मात्र एखादा सेन्सर गेला की टोचन लावून ओढल्याशिवाय हलत नाही. शाळेच्या मुलांची व्हॅन घ्यायची तर दुसऱ्या पिढीच्या आधीची नको. तिचे सरकते दार रुळावरून उतरते.

गाडीखाली झोपण्याचे काम माझा वर्गमित्र करी. नारायणगावात त्याचे गॅरेज आहे. जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा धंदाही तो करतो. तो गाडीखालून बोले, मी स्टुलावर बसून लिहून घेई. मजकूर छापायला देण्याआधी मी त्याला मोठ्याने वाचून दाखवत असे. “थांब, परत वाच,” असे तो म्हणाला, की माझी चूक झालेली असे. त्याचे म्हणणे एकदाही खोटे ठरले नव्हते.

प्रवासी जीपवरचा लेख मी विशेष काळजीने लिहिला. तळेघरच्या बाजूला एसटी क्वचितच. तिथे जीप हीच एसटी. या जीपच्या पहिल्या पिढीला पुढच्या चाकांत ड्रमचे ब्रेक होते. भरल्या गाडीने पोखरीचा घाट उतरताना ते तापतात आणि पेडल तळाला जाते. दुसऱ्या पिढीपासून डिस्क आली. माझा निष्कर्ष स्पष्ट होता: पहिल्या पिढीच्या जीपने घाटात माणसे वाहू नयेत. अडचण अशी, की पिढी बदलली त्या वर्षी कारखान्यातून दोन्ही तऱ्हेच्या गाड्या निघाल्या, त्यामुळे नोंदणीच्या कागदावरचे वर्ष पुरावा म्हणून निरुपयोगी. मग मी ओळखीच्या खुणा दिल्या. समोरची जाळी, डॅशबोर्ड, मागच्या दाराच्या बिजागऱ्या. शेवटी लिहिले, की पुढचे चाक उतरवून ब्रेक डोळ्यांनी पाहावा.

वाचन ऐकताना मित्र हसला. “चाक काढून कोण बघतंय, राव? हार घातलेल्या गाडीचं चाक काढायला सांगितलं तर मालक हाकलून देईल. तेवढं काढ. लेख आटोपशीर होईल.”

त्यात तथ्य होते. आमच्याकडे विकायची गाडी धुऊन, हार घालून उभी करतात. विसार दिला, चाकापुढे नारळ फोडला, की त्यानंतर गाडीला नाव ठेवणे अशुभ मानतात. मी ते वाक्य काढले. त्या वेळी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली एक जीप उभी होती. तिच्या तोंडाला जाळी नव्हती. ती मी पाहिली होती. गॅरेजात अशा गाड्या असायच्याच.

भातकापणीच्या सुमारास तळेघरचा एक जीपवाला वारूळवाडीला माझ्या दारात आला. माझा लेख घडी करून त्याच्या खिशात होता. जीप त्याने माझ्या मित्राकडून घेतली होती.

“भाऊसाहेब, तुमी लिवलंय तसं समदं ताडून पायलं. जाळी तीच, डॅशबोर्ड त्योच, बिजागऱ्याबी त्याच. पर घाट उतरताना गाडी रुसती.”

“रुसते म्हणजे काय होते?”

“पाय दाबला का खालीच जातो. मंग लई दाबावा लागतो. म्या नारळ दुसऱ्यांदा फोडला.”

“आणि तुम्ही माणसे बसवता?”

“बसवतो की. काल पोटुशी बाई व्हती, घोडेगावला दवाखान्यात न्ह्यायची. ती काय एस्टीची वाट बघत बसल?”

ब्रेक खराब आहे, एवढे शब्द मी त्याच्याकडून शेवटपर्यंत वदवू शकलो नाही. मी अंगणातच चाक उतरवायला लावले. आत ड्रम होता. नव्या पिढीचा मुखवटा चढवलेली पहिल्या पिढीची जीप. ताडपत्रीखालची.

ती तशीच अंगणात सोडून आम्ही दोघे चालत गॅरेजवर गेलो. मित्राने काहीही नाकारले नाही.

“मी काय दुसऱ्या पिढीची म्हणून लिहून दिलं का? ह्यानं तुझा कागद काढला, खुणा पाहिल्या आणि स्वतःच म्हणाला, हीच ती. मी गप्प बसलो.”

“खुणा तू बसवल्यास.”

“तू छापल्यास. गिऱ्हाईक काय काय बघतं ते मला तरी कुठं ठाऊक होतं?”

दोष ठाऊक असून तो झाकून विकणे ही फसवणूक आहे, तिथे मौन हा बचाव होत नाही, हे मी त्याला सुनावले. ग्राहक आयोगाकडे कोणती तक्रार जाईल आणि फौजदारी कोणती, तेही सांगितले. त्याने हात पुसले.

“घाल की केस. निकाल लागेपर्यंत पावणं काय बैलगाडी चालवणार का?” मग तो जीपवाल्याकडे वळला. “पुढचा सगळा ब्रेकचा संच बदलून देतो, डिस्कसकट. भाऊसाहेबांनी पेपरात काही छापायचं नाही, एवढंच.”

जीपवाल्याने माझ्याकडे पाहिले. तक्रारअर्जाचा पहिला परिच्छेद माझ्या डोक्यात तयार होता.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “केस तुमची ऱ्हाईल, घाट माझा हाये.”

त्याने मान्य केले. मला त्याचाही राग आला. मित्राने चाक चढवून जीप माझ्या अंगणातून गॅरेजवर आणली, आणि काम होईपर्यंत मी त्याच जुन्या स्टुलावर बसून राहिलो. मग जीपवाल्याच्या शेजारी बसून तळेघरपर्यंत गेलो आणि भरल्या जीपमधून पोखरीचा घाट उतरलो. प्रत्येक वळणावर पेडल वरच थांबत होते. जीपवाला म्हणाला, “आता रुसत न्हाई.” घाटाच्या पायथ्याशी डिंभ्याला उतरल्यावर माझा त्याच्यावरचा राग संपलेला होता.

मित्रावरचा राग शिल्लक होता. तडजोड त्या दोघांत झाली होती. मी तिचा पक्षकार नव्हतो, माझी संमती कोणी घेतली नव्हती. सबब ती मला बंधनकारक नाही, असे मी मित्राला स्पीड पोस्टाने कळवले. पोहोच मिळाली. उत्तर आले नाही. पुढच्याच अंकात मी गाळलेले वाक्य छापले आणि जोडीला लिहिले, की चाक उतरवू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये, हार कितीही मोठा असो.

हा लेख मी कोणालाही वाचून न दाखवता दिला. त्यात तिसऱ्या पिढीच्या जीपच्या इंजिनाला टायमिंगची चेन असते असे लिहून बसलो. असतो पट्टा, तो वेळेवर न बदलल्यास इंजिन फुकट जाते. ही चूक माझी मलाच सापडली, तीही फार उशिरा, आणि मी दुरुस्ती छापली. मित्र साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. त्याला ती चूक पहिल्याच दिवशी दिसली असणार.