धबधब्याला सांगितलेलं गुपित

त्याला सगळे रेडिओ म्हणत आणि त्याला त्याचा राग नव्हता. राष्ट्रीय उद्यानात तो वाटाड्या होता. फाटकातून आत पाऊल टाकलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि मोठ्या धबधब्याच्या कठड्यापाशीच थांबायचा. हे झाड किती म्हातारं, ही वेल कुणाच्या जिवावर वाढते, जळू चिकटली तर काय करायचं, सगळं तो सांगायचा. एखादा पक्षी दिसला नाही, तर तो न दिसण्याचीही हकीकत त्याच्याकडे तयार असे.

कठड्यापाशी मात्र कुणाचंच काही चालत नसे. पाणी इतक्या जोरात कोसळायचं, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. वाटाड्यांनी या अडचणीतून आपली सोय काढली होती. पर्यटकांकडे तोंड करायचं, एक हात पाण्याकडे दाखवायचा आणि हसऱ्या चेहऱ्याने मनात साचलेलं सगळं बोलून टाकायचं. लोकांना वाटायचं, माहिती सांगतोय. भिंतीला कान असतात, धबधब्याला नसतात, असं वाटाडे म्हणत. रेडिओने तिथे साहेबांच्या टकलाचं यथासांग वर्णन केलं होतं. उंच टाचांचे बूट घालून डोंगर चढायला आलेल्या एका बाईंचा उद्धार केला होता, आणि त्याच बाईंनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

घरीही तो बोलायचा पुष्कळ, पण स्वतःच्या मनातलं काही विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचा नाही. निवृत्ती जवळ आली तसा शहरातून मुलाचा फोन आला, की आता दोघंही आमच्याकडेच या, तुमची खोली तयार आहे. बायकोने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. जाऊ या की, असं हा लगेच म्हणून मोकळा झाला. बायकोचा जीव नातीसाठी तुटतोय हे त्याला कळत होतं. शिवाय या जंगलातल्या ओलीत तिचा एक कपडा कधी धड वाळला नव्हता, आणि कपाटातल्या चपलांनाही बुरशी यायची. पण शहराचा विचारच त्याला नको वाटायचा. तिथे चौथ्या मजल्यावर बसून तो कुणाला काय दाखवणार होता?

खोकी बांधून झाली. रविवारी मुलगा गाडी घेऊन येणार होता. शनिवारी रेडिओची शेवटची फेरी होती, आणि बायको म्हणाली, मीही येते. एरवी ती पायवाटेकडे फिरकत नसे. घरात एक धबधबा आहे तेवढा पुरे, असं तिचं म्हणणं होतं.

फेरीत एक निवृत्त मास्तर आणि एक नवं जोडपं होतं. शेवाळलेल्या पायऱ्या चढत, घसरत सगळे कठड्यापाशी पोचले. रेडिओने सवयीने पाण्याकडे हात केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि तो बोलायला लागला. "मला नाही जायचं. तिकडे मी जुन्या छत्रीसारखा कोपऱ्यात पडून राहीन. हिच्यासाठी हो म्हटलं, आता जीव गुदमरतोय." मास्तरांनी पसंतीची मान डोलावली. नव्या नवरीने फोटो काढला.

बायको त्याच्या ओठांकडे एकटक बघत होती. आता तिची हकीकत सांगायला हवी. कापडाची गिरणी बंद पडेपर्यंत ती मागांवर कामाला होती. मागांच्या खडखडाटात आवाजाचा काही उपयोग नसायचा, म्हणून तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. या टोकाची भांडणं त्या टोकाला कळायची. रेडिओला हे पाठ होतं. पर्यटकांना तो ही गंमत रंगवून सांगायचा. पण कठड्याची सवय अशी हाडीमाशी भिनलेली, की नेमकं त्याच क्षणी त्याच्या डोक्यातून ते गेलं.

बायकोने आवाज न काढता ओठांनीच उत्तर दिलं. चांगलं लांबलचक होतं. याला अक्षर कळलं नाही. ती वळली आणि चालू लागली, तेव्हा कुठे याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाचावर धारण बसली. पर्यटकांना थांबायची खूण करून तो मागे धावला.

वळणापलीकडे पाण्याचा आवाज कमी झाला. ती तिथल्या बाकावर बसली होती. ती काय म्हणाली, असं त्याने विचारलं. आधी तुम्ही सांगा, असं ती म्हणाली. तो धबधब्याच्या उंचीबद्दल काहीतरी सांगू लागला, पण तिने नुसतं पाहिलं तशी ती उंची तिथेच राहिली. शेवटी, माणसासारखा आवाज काढून, तो म्हणाला, "मला नाही जायचं."

"मला जायचंय," ती म्हणाली.

गोष्टीत असतं तसं 'मलाही नाही' असं ती म्हणेल, अशी त्याला आशा होती. तसलं काही झालं नाही. नातीला मांडीवर घ्यायचंय, कोरडे कपडे घालायचेत, हे तिने स्पष्ट सांगितलं. पण नवऱ्याला फरफटत न्यायचं नव्हतं. फाटकाजवळच्या चहावालीची मागची खोली तिने केव्हाच विचारून ठेवली होती. पावसाचे महिने दोघांनी मुलाकडे काढायचे. बाकीचे दिवस त्याने इथे राहायचं आणि तिने येऊन जाऊन राहायचं.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कधी तोंड उघडताय, त्याची वाट बघत होते. आख्ख्या जगाशी बोलता आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की पाण्याला सांगता."

रेडिओला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. मग त्याने पुन्हा विचारलं, की कठड्यापाशी ती एवढं काय बोलली.

ती थोडी अवघडली. पदर सारखा केला, बाकावरचं ओलं पान झटकलं.

"म्हटलं, तिकडे मला तुमच्यावाचून करमायचं नाही."

"हे तुला घरी सांगता आलं नसतं?"

"नाही ना आलं," ती म्हणाली, आणि उठून त्याच्या हाताला धरून त्याला पर्यटकांकडे परत घेऊन गेली.