सूर्याला दाखवलेली फिल्म

"ओ पाटील, सूर्याला काय दाखवून राहिले? त्याला वाचता येते का?"

असं म्हणत तो दारातून बाहेर यायचा आणि फिल्म हिसकावून घ्यायचा. सिटी स्कॅनचं पाकीट हातात पडलं की नातेवाईक फाटकाजवळ थांबतात, फिल्म काढतात आणि उन्हात धरतात. तुम्हीही धरली असेल. सगळेच धरतात. तो मात्र हे बघितलं की पिसाळायचा. समोर म्हातारा असो की तान्हं लेकरू घेतलेली बाई, शब्द तेच. फिल्म पाकिटात कोंबायचा, पाकीट त्यांच्या छातीशी आपटायचा आणि आत जायचा.

हिंगोलीतल्या त्या सेंटरात मी झाडू-फरशीचं काम करते. तो तिथं मशीन चालवायचा. तोंडावर मी त्याला सर म्हणायचे. इथं 'तो' लिहिते. वहीत तरी लिहू द्या.

त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए बाई, लाईट." एवढंच. काचेमागच्या खोलीत त्याला उजेड खपत नसे. मी झाडायला गेले, बटण दाबलं, की तो मागे न बघताच हात लांब करून बंद करायचा. मग अंधारात कोपऱ्यात कचरा राहिला की सगळ्यांसमोर तोच दाखवायचा. एकदा मी भिंतीवरची पाटी अक्षर लावून वाचत होते, तर म्हणाला, "आज वाचून होते, का उद्या येऊ?" मी चौथी शिकले. उत्तर मला घरी गेल्यावर सुचतं.

अंधारात झाडताना मला पडदा दिसायचा. कोणाचं तरी डोकं असायचं, आडवं कापल्यासारखं. कवटी नुसती पांढरी, आत मेंदू राखाडी. तो माऊस थोडा ओढायचा आणि मेंदूचा सगळा एकसारखा लगदा व्हायचा, पण पांढऱ्या कवटीत बारीक चीर उमटायची. आधी मला वाटायचं, हा दुसऱ्याच माणसाचा फोटो आणतो. खूप दिवसांनी कळलं, माणूस तोच, फोटोही तोच. विचारायची हिंमत झाली नाही. त्याला काही विचारणं म्हणजे कुत्र्याच्या तोंडात हात घालणं.

मागच्या वर्षी माझ्या मायला खोकला लागला. औषधं झाली, खोकला थांबेना. कुरुंद्याहून माझा मोठा भाऊ तिला जीपने घेऊन आला आणि आमच्याच सेंटरात तिच्या छातीचा स्कॅन झाला. ती माझी माय आहे हे त्याला माहीत होतं. तरी तिला म्हणाला, "आजी, खोकू नका म्हणलं ना? परत करावं लागते." माय घाबरून गुदमरेपर्यंत श्वास धरून पडली. मी काचेतून बघत होते. त्या दिवशी त्याची खुर्ची मोडावी असं मला मनापासून वाटलं.

फिल्म लगेच मिळाली. लिहिलेला रिपोर्ट मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी देणार होते. भावाने फाटकाजवळ फिल्म काढली आणि उन्हात धरली. पांढऱ्या बरगड्या, मधे राखाडी काळीज आणि दोन्ही बाजूंना काळं. नुसतं काळं, तव्याच्या बुडासारखं.

भावाने फिल्म खाली केली. मग म्हणाला, "जळालं सगळं. चुलीच्या धुरानं खाल्लं." मायने ते ऐकलं. "मग कशाला फिरवता मला," ती म्हणाली, "घरी न्या." भाऊ तिला जीपमध्ये बसवायला लागला. आता दवाखाना नाही, औषध नाही, घरी सुखाने पडू द्यायचं, असं दोघांचं ठरूनही गेलं.

मला पडद्यावरचं ते डोकं आठवलं. फोटो एक आणि दिसणं दोन. पण ते नीट सांगता येईना. मी पळत आत गेले आणि लाईट न लावता त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"सर, मायचं फुप्फुस जळालं का?"

"मी डॉक्टर हाव का? रिपोर्ट उद्या."

"भाऊ घरी घेऊन चालला तिला. काळं दिसलं म्हणून."

तो खुर्चीसकट वळला. मला वाटलं, आता मारतो. त्याने मायचा फोटो पडद्यावर आणला, तोच तव्यासारखा काळा, आणि माऊस ओढला. काळं उघडत गेलं. आत फांद्या निघाल्या, निंबाला पानगळीत असतात तशा बारीक बारीक. आता काळीज आणि बरगड्या सगळं पांढरंफेक झालं होतं. एका बाजूला खाली एक ढगासारखा डाग होता.

"मशीनला हजारो रंग दिसतात. तुझ्या डोळ्याला थोडेच. म्हणून एका वेळी थोडेच निवडायचे. त्याच्या खालचं सगळं काळं पडते, वरचं सगळं पांढरं. याला विंडो म्हणतात. हाडाची वेगळी, मेंदूची वेगळी, फुप्फुसाची वेगळी. घरी मैद्याच्या चाळणीनं गहू चाळती का तू?"

"न्हाई."

"मग? काळं म्हणजे मेलेलं न्हाई. त्या चाळणीत ते दिसत न्हाई, एवढंच. पाकिटात फुप्फुसाची फिल्म वेगळी हाय. काढली का कोणी? डागाचं काय ते डॉक्टर सांगतील. जळालं कुठं हाय, दाखव मला."

मी बाहेर जाऊन भावाला सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. भाऊ म्हणाला, "तू फरशी पूस. तुला काय कळते त्यातलं?" आणि जीपचं दार लावलं.

तेवढ्यात तो आला. भावाच्या हातातली फिल्म ओढली, पाकीटही घेतलं. "ओ पाटील, सूर्याला वाचता येते का?" भाऊ त्याच्या अंगावर गेला. लोक जमले. तो मागे सरला नाही. रिपोर्ट आल्याशिवाय पाकीट मिळणार नाही, म्हणाला, आणि माय जीपमध्ये खोकत असताना तिच्याच मुलाला सगळ्यांसमोर अडाणी म्हणाला. मग पाकीट घेऊन आत गेला.

पाकिटासाठी भाऊ थांबला. रात्री दोघं माझ्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डाग बघून औषधं सुरू केली. ती कित्येक महिने चालली. माय आता हळदीत खुरपायला बसते. भावाने त्याला आजवर माफ केलं नाही. मीही केलं नाही. आईसमोर लेकाला असं बोलायची काही गरज नव्हती. पुढच्याच सकाळी ओल्या फरशीवरून त्याने माझी इज्जत काढली. माय कशी आहे, हे त्याने कधीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तो नांदेडला गेला. जाताना कोणाशी बोलला नाही. नवीन सर गोड आहेत, मला मावशी म्हणतात. खोलीत लाईट लावून बसतात. पाकीट देतात आणि कानात मोबाइलची वायर घालतात. फाटकाकडे बघत नाहीत.

परवा साखरा गावची एक बाई फाटकाजवळ फिल्म उन्हात धरून उभी होती. शेजारी तिचा नवरा छाती धरून बसलेला. फिल्मवर दोन्हीकडे काळं. मी दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही.

मी झाडू भिंतीला लावला.

"सूर्याला काय दाखवून राहिली बाई?" माझ्याच तोंडून निघालं, त्याच्याच आवाजात. तिने माझ्याकडे असं रागाने पाहिलं, जसं मी त्याच्याकडे पाहायचे. मी पाहू दिलं, आणि तिच्या काखेतल्या पाकिटातून दुसरी फिल्म काढली.