मोठ्या सिस्टर आणि पुस्तकांच्या पाट्या

माझं शिवणकामाचं दुकान आहे. किडन्या गेल्याला आता अकरा वर्षं होतील. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मी डायलिसिसच्या हॉलमध्ये तीन नंबरच्या खुर्चीत पडून असते. अशा माणसाला लोक मनातलं सगळं सांगतात, कारण तो उठून जाऊ शकत नाही. मोठ्या सिस्टरनी मला हे सगळं असंच सांगितलं, थोडं आज, थोडं पुढच्या खेपेला. काही माझ्या डोळ्यांसमोरच घडलं.

हॉलमध्ये दहा खुर्च्या, दहा मशीन. आमच्या एका हातातली शीर ऑपरेशन करून जाड केलेली असते. तिच्यात दोन सुया जातात आणि मग चार तास तो हात हलवायचा नाही. ह्या सुया लावण्यात मोठ्या सिस्टरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अंगठ्यानं शीर चाचपायची, नजर भलतीकडेच, तोंडानं जाऊबाईंची कथा चालू, आणि सुई कधी आत गेली ते कळायचं नाही. जाऊबाईंची कथा म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी घरात काय काय उद्योग केले त्याची मालिका. ती नऊ वर्षं चालू होती. सगळ्यात पक्का श्रोता सात नंबरचा. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून आम्ही त्यांना ड्रॉइंगचे सर म्हणत असू. सर खुर्चीत बसता बसताच विचारायचे, "मग? कपाटाच्या किल्लीचं काय झालं?" सिस्टरांचा चेहरा असा फुलायचा की आम्हालाही बरं वाटायचं.

मग सरांच्या मुलीनं त्यांना ई-रीडर पाठवला. काळ्या पाटीएवढा, हलका. पुस्तक एका हातानं धरता येत नाही, पान तर उलटताच येत नाही. ह्यात नुसतं बोट लावलं की पान पुढे. आम्ही त्याला पाटीच म्हणायला लागलो. पण सरांना हव्या होत्या आपल्या भाषेतल्या जुन्या रहस्यकथा, आणि त्या पाटीतल्या ऑनलाइन दुकानात त्यातली एकही नव्हती. सर वैतागून बोलत होते तेव्हा पाणीवाले तिथून चालले होते.

पाणीवाले म्हणजे पाणी शुद्ध करायच्या प्लँटवरचा माणूस. पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. रोज सकाळी एक छोटी बाटली घेऊन हॉलमध्ये यायचे, नळाचं पाणी भरून तपासायला न्यायचे. दोन वर्षांत त्यांचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता. ते थांबले आणि म्हणाले, "दुकानात नसलं म्हणून काय झालं? कॉम्प्युटरमधून केबलनं आत टाकता येतं. हक्क संपलेली जुनी पुस्तकं लोकांनी टाइप करून ठेवली आहेत, कुणीही उतरवून घ्यावीत. द्या इकडे."

तिसऱ्या दिवशी पाटी परत आली ती चौदा पुस्तकं पोटात घेऊन.

चार महिन्यांत दहांपैकी सहा जणांकडे पाट्या झाल्या. मीही घेतली. ज्यांच्याकडे टॅबलेट होता त्यांना पाणीवाले वाचायचं एक अ‍ॅप घालून द्यायचे. ते टॅबलेटमधल्या नेहमीच्या दुकानात मिळायचं नाही. टॅबलेट आधी कुरकुरायचा, हे बाहेरून आलंय, घेऊ का, असं विचारायचा. पाणीवाले दोनदा खात्री करून घ्यायचे की अ‍ॅप बनवणाऱ्यांच्याच साइटवरून उतरवलंय, आणि मग शांतपणे 'हो' दाबायचे. हॉल हळूहळू गप्प होत गेला.

मोठ्या सिस्टरांना हे कधी टोचायला लागलं ते त्यांनाही सांगता येत नाही. पण एक सकाळ त्यांना नीट आठवते. सरांच्या हाताला पट्टी लावून त्या म्हणाल्या, "काल तर जाऊबाईंनी कमालच केली." आणि सर पाटीवरून नजर न उचलता म्हणाले, "सिस्टर, एवढं एक पान."

"एक पान म्हणे," त्या मला सांगत होत्या, तेव्हाही त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. "नऊ वर्षं ह्या माणसाच्या सुया लावल्या मी, टेलरताई. त्यांची मुलगी परदेशी गेली तेव्हा कुणाजवळ रडले ते? आणि आता मी उभी राहू, एक पान संपेपर्यंत?"

मी मान हलवली. माझ्या मांडीवर पाटी होतीच. आदल्याच खेपेला मीही त्यांना तेच म्हणाले होते. ते त्यांच्या लक्षात होतं का, मी विचारलं नाही.

पाणीवाले हॉलमध्ये आले की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. काका, दुसरा भाग मिळाला का? काका, अक्षर जरा मोठं करता का? सिस्टर ट्रे घेऊन मधून जायच्या आणि कोणी बघायचं नाही. "नळ सोडून आतापर्यंत काही बघितलं नव्हतं त्या माणसानं," त्या म्हणायच्या. "ना सुई, ना सलाईन. आणि ह्यांना तो देव."

त्यांनी डॉक्टरांकडे तक्रार केली की बाहेरच्या वस्तू आत येतात, उद्या कुणाला जंतुसंसर्ग झाला तर? डॉक्टर म्हणाले, स्पिरिटनं पुसून घ्या. आठवडा गेला आणि डॉक्टरांनी स्वतःचाच टॅबलेट पाणीवाल्यांकडे पाठवला. सिस्टर त्या दिवशी प्रत्येक पाटी इतकी घासून पुसत होत्या की पाच नंबरच्या आजी म्हणाल्या, "अगं, अक्षरं जातील."

मग त्यांनी घरून मासिकांचा गठ्ठा आणला, रंगीत चित्रांचा. एका हातानं ती धरवेनात. एकामागून एक जमिनीवर घसरायला लागली. सिस्टर वाकून उचलायच्या, पुन्हा घसरायची. संध्याकाळी त्यांनी गठ्ठा रद्दीच्या खोलीत ठेवून दिला.

त्यानंतरची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे न बघता मशीनचे आकडे बघत होत्या.

एका गुरुवारी सर घरी निघताना म्हणाले, "सिस्टर, ही पाटी पाणीवाल्यांना द्याल? तिसरा भाग टाकायचाय. दुसरा नेमका खून झाला तिथेच संपलाय."

त्यांनी पाटी घेतली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली, गॉजच्या पाकिटांखाली. तेव्हा मनात काही नव्हतं, असं त्या म्हणतात. दुपारी देऊ, असं वाटलं होतं. दुपारी प्लँटच्या खोलीवरून दोनदा गेल्या आणि दोनदा तशाच पुढे गेल्या.

शनिवारी सरांनी विचारलं.

"त्यांना वेळच झाला नाही अजून," सिस्टर म्हणाल्या.

सरांचा चेहरा पडला. मग ते मागे टेकले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बरं, जाऊबाई काय म्हणतात?"

सिस्टरनी चार महिन्यांचं साचलेलं सगळं सांगितलं. सर हसले, मध्ये मध्ये नेमके प्रश्नही विचारले. "त्या दिवशी मी घरी तरंगत गेले हो," त्या म्हणाल्या.

मंगळवारी पुन्हा तेच. त्या दिवशी सर म्हणाले, "पाणीवाले असे टाळाटाळ करणारे वाटले नव्हते मला."

"माणसं अशीच असतात," सिस्टर म्हणाल्या. हे एक वाक्य आपण बोलायला नको होतं, असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. पाटी लपवल्याचं एवढं नाही, पण ह्या वाक्याचं त्यांना लागून राहिलं होतं.

गुरुवारी मी समोरच होते. सिस्टर सरांच्या सुईवर पट्टी लावत होत्या. पाणीवाले बाटली घेऊन आले आणि सात नंबरशी थांबले.

"सर, तिसरा भाग मिळालाय. पाटी आणली नाहीत अजून?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग सिस्टरांकडे. सिस्टरांचा हात पट्टीवर तसाच थांबला. पाणीवाल्यांनीही त्यांच्याकडे बघितलं, एखादा क्षणच. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे हो. माझ्याच टेबलावर आहे की. पसाऱ्यात विसरूनच गेलो. चूक माझी, सर." आणि बाटली घेऊन निघून गेले.

"ओरडले असते तर परवडलं असतं," सिस्टर मला म्हणाल्या. "माझी लबाडी स्वतःच्या अंगावर घेऊन गेला माणूस. म्हणजे तिथेही तोच मोठा. तेव्हा तर मला त्यांचा जास्तच राग आला, टेलरताई, खरं सांगते."

सिस्टर रक्तदाब घ्यायला आल्या तेव्हा सर हळूच म्हणाले, "माझ्यावर राग असेल तर बोलून टाका सिस्टर. सुया तुमच्या हातात आहेत, मला तुम्हाला नाराज करून चालणार नाही." ते थट्टेनंच बोलले होते, पण सिस्टरनी रक्तदाबाचा आकडा लिहिताना दोनदा खोडला.

दुपारी त्या पाटी घेऊन प्लँटच्या खोलीत गेल्या. इतक्या वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं. निळ्या टाक्या, भिंतीवरून गेलेले पाइप, दाब दाखवणारी घड्याळं, क्लोरिनचा वास. कोपऱ्यात स्टुलावर पाणीवाले, पुढ्यात एक म्हातारा लॅपटॉप.

"माझ्या ड्रॉवरमध्ये होती," सिस्टर म्हणाल्या.

"वाटलंच मला."

"मग खोटं कशाला बोललात?"

पाणीवाल्यांनी चष्मा लावला. "सर माझ्यावर रागावले तर काय होईल? पाणी काही गढूळ होत नाही. तुमच्यावरचा विश्वास उडाला तर पुढच्या वेळी हात पुढे करताना घाबरतील. शीर आकसते ना घाबरलं की? तुम्हीच एकदा कुणाला तरी सांगत होतात."

टेबलावर एक वही उघडी होती, ती सिस्टर वाचायला लागल्या. खुर्चीचा नंबर, अक्षर केवढं हवं, कुठला हात मोकळा, काय आवडतं. माझ्यापुढे लिहिलं होतं, 'तीन नंबर. डावा हात मोकळा. अक्षर मोठं. रडकं नको.' मोकळ्या हाताप्रमाणे पान कुठल्या बाजूला बोट लावून उलटेल, तेही त्यांनी प्रत्येकाच्या पाटीत बदलून दिलं होतं.

"कुणाचा कुठला हात मोकळा, हे सगळ्या हॉलचं फक्त मला पाठ आहे असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या. "तेही त्या वहीत होतं." पण वाचता वाचता त्या नऊ नंबरवर थांबल्या.

"हे चुकीचं आहे," त्या म्हणाल्या. "नऊ नंबरची जुनी शीर बंद पडलीय. पुढच्या आठवड्यापासून नव्या हाताला सुया. म्हणजे मोकळा राहणार डावा."

पाणीवाल्यांनी लगेच खोडून 'डावा' लिहिलं. "हे मला कोण सांगणार होतं?" ते म्हणाले. "आणखी काय काय चुकलंय बघा जरा."

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. चार चुका काढल्या त्यांनी. पाच नंबरच्या आजींचा मोतीबिंदू वाढलाय, त्यांना आणखी मोठं अक्षर लागेल. दोन नंबरच्याचा भाऊ नुकताच वारलाय, त्याला खुनाबिनाचं काही देऊ नका. मग पाणीवाल्यांनी त्यांच्यापुढे लॅपटॉप सरकवला. केबल लावायची, पाटीचा फोल्डर उघडायचा, फाइल ओढून त्यात सोडायची, आणि लॅपटॉप 'आता काढा' असं सांगेपर्यंत केबलला हात लावायचा नाही. सिस्टरनी पहिल्यांदा घाईनं ओढली आणि पुस्तक अर्ध्यातच तुटलं. दुसऱ्यांदा जमलं. सरांचा तिसरा भाग त्यांनी स्वतःच्या हातानं टाकला.

शनिवारी पाटी देताना त्यांनी सरांना सगळं सांगून टाकलं. अगदी ते 'माणसं अशीच असतात' सुद्धा. सर म्हणाले, "मला कल्पना होती." आणि पाटी उघडली. सिस्टर तिथेच उभ्या. "खून कुणी केला ते कळलं की सांगा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या. त्यांच्या जिवावर आलं होतं, पण गेल्या.

गोड शेवट व्हायचा तर इथे व्हायला हवा होता. पण पाणीवाल्यांचं नाव निघालं की सिस्टर आजही ओठ आवळतात. पुढल्या वर्षी ते दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. जाताना वही, केबल आणि लॅपटॉप सिस्टरांकडे देऊन गेले. तेव्हापासून पाट्या त्याच भरतात, जेवणाच्या सुट्टीत, त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर. तरी कोणीतरी म्हणतंच, "काका होते तेव्हा लगेच मिळायचं." सरांनी नवी पाटी घेतली तर तिच्यात जोडाक्षरं फुटायला लागली, पाय मोडलेली अक्षरं आणि रिकामे चौकोन. सर सहज म्हणाले, "काकांच्या वेळी असं होत नव्हतं."

सिस्टर दोन दिवस घुश्शात होत्या. मग त्यांनी पाणीवाल्यांना फोन लावला, माझ्याच खुर्चीशी उभं राहून. "तुमचे लाडके तुमची आठवण काढताहेत," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, अक्षरं का फुटतात?" पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. आपल्या लिपीचा फॉन्टही तसाच केबलनं आत टाकावा लागतो, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरांची जोडाक्षरं धड झाली.

आता प्लँटवर एक नव्या बाई आल्यात. हुशार आहेत, हसतमुख आहेत. एकदा त्या सिस्टरांना म्हणाल्या, "मला येतं हे पुस्तकं टाकायचं. तुमचं काम वाचेल. ती वही देता का?"

"बघू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

त्याला आता तीन आठवडे झाले.