तारबाबूच्या टाचेवरचं चाक

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या फिल्म क्लबात अरुणाताई तायडे जात, त्या काही थोर दिग्दर्शकांसाठी नव्हे. मोटारीच्या पोलादाला तडे का जातात हे शोधण्यात या बाईंनी तीस वर्षं घालवली. निवृत्तीनंतर मात्र त्यांना हवे असायचे ते आठवड्याभरात उरकलेले, पुठ्ठ्याच्या डोंगरांचे, तासाभराचे जुने काऊबॉय सिनेमे. घोडे पळताहेत, गोळ्या सुटताहेत आणि खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, असे. त्यातलाही खरं तर एकच हवा होता.

तो त्यांनी नवव्या वर्षी भुसावळला, रेल्वे कॉलनीच्या मैदानात पाहिला होता. वडील नामदेव रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार. एरवी अख्खी कॉलनी त्यांना ‘ए नाम्या’ म्हणूनच हाक मारायची. पण शनिवारी प्रोजेक्टर त्यांच्या हातात असायचा, आणि इंग्रजी सिनेमा असला की पडद्याशेजारी उभं राहून तो मराठीत समजावूनही तेच सांगायचे. म्हणून शनिवारपुरते ते नामदेवराव.

त्या शनिवारी तिसरं रीळ मनमाडलाच राहिलं. खाणीतल्या ‘भुता’ने सोनं नेणारी पाच माणसं मारलेली, बुरखा तेवढा निघायचा बाकी, आणि पडदा पांढराफटक. लोक खवळले. तेव्हा नामदेवरावांनी भोंगा उचलला आणि उरलेला सिनेमा तोंडाने सांगून पुरा केला. खुनी निघाला तारबाबू, तार ऑफिसातला कारकून. लोक टाळ्या वाजवत घरी गेले.

वडिलांनी तो सिनेमा आधी पाहिलेला असणार, याबद्दल अरुणाताईंना तिळमात्र शंका नव्हती. मुलगी धम्मदीपा मात्र म्हणायची, आजोबांनी थाप मारली. आईने मराठीत बोलायचं आणि लेकीने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा त्या घरचा रिवाज. त्यामुळे हे भांडणही वर्षानुवर्षं दोन भाषांत चालू होतं. बाहेरच्या कुणी वडिलांबद्दल विचारलं, तर अरुणाताई ‘रेल्वेत होते’ एवढंच सांगून मोकळ्या व्हायच्या. ऐकणारा मनाशी अधिकारी समजायचा, आणि त्या समजू द्यायच्या.

यंदा क्लबचे अध्यक्ष लिंडनर यांना तो सिनेमा एका तळघरात सापडला, तिन्ही रिळांसकट. रविवारी सकाळचा खेळ ठरला. अरुणाताईंनी सगळ्यांना आधीच ऐकवून ठेवलं, “खुनी कोण ते मला वडिलांकडून माहीत आहे. पण सांगणार नाही, जा!” धम्मदीपा मुद्दाम आली, ती आईची फजिती बघायला. तसं तिनेच कबूल केलं.

तिसरं रीळ लागलं. बुरखा निघाला, आणि आत तारबाबू नव्हता. खाणमालकाचा कुणी चुलतभाऊ होता. तोवर सिनेमात एकदाही न दिसलेला! लोक पोट धरून हसले. सत्तावन्न वर्षं अरुणाताई बापाच्या शब्दाची ग्वाही देत आल्या होत्या.

“काय मग, फ्राऊ तायडे,” दिवे लावत लिंडनरनी विचारलं, “हाच का तुमचा खुनी?”

मान हलवून वेळ मारून नेता आली असती. पण त्यांना एकाएकी भोंग्यातलं वाक्य आठवलं: ‘मंडळी, तारबाबूचे बूट पाहिले का?’ त्या उठल्या आणि तडक पडद्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“दुसरं रीळ परत लावा.”

रीळ उलटं गुंडाळायला पाच मिनिटं गेली, पण कुणी जागचं हललं नाही. पडद्यावर तारबाबू आला, तार ठोकता ठोकता त्याने पाय स्टुलावर टाकला. टाचेवर घोड्याला टोचायचं दातेरी चाक लखलखलं.

“हा माणूस दिवसभर खुर्चीत बसतो,” अरुणाताई म्हणाल्या. “याला घोड्याचं चाक कशाला? आणि सोनं घेऊन कोण कधी निघणार, ही तार आधी कोणाच्या हाती पडते?”

मागून कुणीतरी म्हणालं, “गेनाऊ! अगदी बरोबर!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सिनेमा काढणाऱ्यांच्या जे ध्यानातही राहिलं नव्हतं, ते एका खलाशाने वाऱ्यावर फडफडणाऱ्या चादरीवर एकदाच पाहून हेरलं होतं. थाप नव्हतीच ती. बाबांनी खुनी शोधून काढला होता. जन्मभर पोलादातले तडे हेरणारी आपली नजर कुणाकडून आली, तेही अरुणाताईंना आज कळलं.

“हा शेवट सुचला कुणाला?” लिंडनरनी विचारलं. “वडिलांना? ते लेखक होते का?”

“नाही,” अरुणाताई मान ताठ करून म्हणाल्या. “रेल्वेत खलाशी होते. रुळांवर घण घालायचे, ओझी उचलायचे. शनिवारी सिनेमा दाखवायचे.”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून धम्मदीपाचा आवाज आला, सगळ्यांदेखत, चक्क मराठीत.

“आई, नाव सांग ना त्यांना. नामदेवराव.”